ऊन पडलं आणि नाला चढला: चंद्रा खोऱ्यातल्या एका अभ्याससहलीचं प्रकरण

पार्श्वभूमी

मध्य मुंबईतल्या एका महाविद्यालयाच्या भूगोल विभागाने जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात हिमाचल प्रदेशातल्या लाहौलमध्ये, चंद्रा नदीच्या खोऱ्यात अभ्याससहल काढली. एम.ए.चे १४ विद्यार्थी, एक सर, एक मॅडम आणि मनालीत ठरवलेली टेम्पो ट्रॅव्हलर. परीक्षा संपलेल्या आणि पुढचं सत्र सुरू व्हायचं होतं, म्हणून जुलै. नदीच्या दृष्टीने हा महिना कसा असतो, याचा विचार तारखा ठरवताना झाला नव्हता. संस्थेचं नाव, साल आणि हे ज्या नाल्यावर घडलं त्याचं नाव इथे मुद्दाम गाळलं आहे.

सहलीचा विषय चांगला होता. सह्याद्रीतल्या पावसावर चालणाऱ्या नद्या सगळ्यांच्या पायाखालच्या होत्या. बर्फावर चालणारी नदी पाहायची, तिचा विसर्ग (दर सेकंदाला वाहणारं पाणी) मोजायचा आणि उल्हास नदीच्या वरच्या खोऱ्याशी तुलना करायची, असं ठरलं होतं. तुकडीतले निम्मे विद्यार्थी कर्जत, माळशेज भागात पावसाळी ट्रेक करणारे होते. त्यांची ही सवय पुढे आडवी आली, म्हणून तिची नोंद आधीच करून ठेवतो.

दरी कशी आहे

चंद्रा नदी बारालाचा खिंडीच्या परिसरात उगम पावते. त्याच खिंडीच्या दुसऱ्या अंगाला सूरजताल आहे आणि तिथून भागा निघते. चंद्रा आधी दक्षिणेकडे उतरते, बातलजवळ मोठं वळण घेऊन पश्चिमेला वळते आणि छतरू, कोकसर, सिस्सू करत तांदीला भागेला मिळते. तिथून ती चंद्रभागा, आणि पुढे जम्मूत चिनाब. दक्षिणेला पीर पंजाल आडवी असल्यामुळे मोसमी पावसाचा बराचसा भाग कुलू-मनालीतच सांडतो. लाहौलचं पाणी मुख्यतः हिवाळ्यात पश्चिमी विक्षोभांनी (पश्चिमेकडून येणाऱ्या वादळी हवेने) आणलेल्या बर्फाचं. हा बर्फ मे-जूनमध्ये वितळतो, आणि जुलै-ऑगस्टमध्ये हिमनद्यांचा बर्फ उघडा पडून वितळू लागतो. नदी सगळ्यात भरलेली असते ती याच दोन महिन्यांत.

स्थानिक बोलीत हिमनदीला शिगरी म्हणतात. बातलच्या बाजूला बडा शिगरी ही हिमाचलमधली सर्वांत मोठी हिमनदी, लांबी २८ किलोमीटरच्या आसपास. तिच्या शेजारची छोटा शिगरी साधारण ९ किलोमीटरची. तिच्यावर किती बर्फ साठतो आणि किती जातो, याचा हिशोब २००२ पासून सलग ठेवला जातो. भारतीय हिमालयातल्या फार थोड्या हिमनद्यांच्या वाट्याला असा सलग अभ्यास आला आहे.

या प्रकरणासाठी महत्त्वाचं आहे ते रस्त्याचं स्थान. कोकसरजवळच्या ग्रांफूहून येणारा रस्ता छतरूला पूल ओलांडून नदीच्या उत्तर काठावर येतो आणि बातलपर्यंत त्याच काठाने जातो. या काठावरचे नाले दक्षिणेकडे तोंड केलेल्या उतारांवरून येतात, म्हणजे त्यांच्या वरच्या बर्फावर दिवसभर थेट ऊन असतं. मुख्य दरी हिमनदीने कोरलेली, रुंद आणि ‘यू’ आकाराची. बाजूच्या दऱ्या तिच्यावर लोंबत राहिलेल्या, म्हणजे त्यांचा तळ मुख्य दरीच्या तळापेक्षा बराच वर. त्यांतून नाला जोरात उतरतो आणि मुख्य दरीत आल्यावर दगडगोट्यांचा पंखा पसरतो. रस्ता हे पंखे आडवे कापत जातो. पंख्यावर नाल्याचं पात्र पक्कं नसतं, ते जागा बदलतं. म्हणून कित्येक ठिकाणी पूल नाही आणि वाहन सरळ पाण्यातून काढावं लागतं.

काय घडलं

पहिल्या दिवशी पहाटे साडेपाचला मनाली सोडून अटल बोगद्यातून तुकडी संध्याकाळच्या आत बातलला पोचली. मनाली २,०५० मीटरवर, बातल ३,९६० मीटरच्या आसपास. एका दिवसात १,९०० मीटर उंची चढून तिथेच मुक्काम. पूर्वी रोहतांग खिंड ओलांडूनच जावं लागे आणि वेळ लागे. २०२० मध्ये बोगदा सुरू झाल्यापासून हा प्रवास सोपा झाला आहे आणि त्यामुळेच शरीराला सवय व्हायला वाव उरत नाही.

वाटेत सकाळी साडेनऊला तो नाला लागला. पाणी नडगीइतकं. गाडी सहज निघाली. सराव म्हणून विद्यार्थ्यांनी तिथेच तरंगत्या वस्तूच्या पद्धतीने विसर्ग काढला: काठाने १० मीटर अंतर मोजून दोन खुणा, वाळक्या लाकडाचे ढलपे सोडून पाच वेळा वेळ घेतली, सरासरी पृष्ठवेग सेकंदाला १.२ मीटर. खडबडीत तळामुळे खालचं पाणी पृष्ठभागापेक्षा हळू वाहतं, म्हणून ०.८ ने गुणलं. रुंदी ६ मीटर, सरासरी खोली ०.३ मीटर. उत्तर आलं सेकंदाला साधारण १.७ घनमीटर.

बातलला नदीकाठच्या शांत पाण्यात मोजपट्टी रोवली. दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन होतं. वहीतली पातळी अशी: सकाळी ६ ला २१ सेंटिमीटर, १० ला २४, दुपारी १ ला ३३, ४ ला ४६, संध्याकाळी ७ ला ५४, रात्री १० ला ४९. तिसऱ्या दिवशी आभाळ भरून होतं आणि थंडी होती. त्या संध्याकाळी ७ ची पातळी फक्त ३८. तुकडी त्या दिवशी ४,३०० मीटरच्या आसपास असलेल्या चंद्रताल सरोवराला जाऊन आली होती.

परतीच्या आदल्या रात्री ड्रायव्हरने सुचवलं, “सर जी, सुबह पाँच बजे निकलते हैं, नाला सोया रहता है.” सरांनी साडेसात सांगितलं, कारण नदीचा एक आडवा छेद मोजायचा राहिला होता. ते काम लांबलं, तंबू आवरण्यात वेळ गेला, निघायला सव्वा वाजला. कागदावर बातल ते छतरू तीसेक किलोमीटर. मुंबईत बसून केलेल्या वेळापत्रकात त्याला सव्वा तास धरला होता. त्या रस्त्यावर तीन तास लागतात.

सव्वातीनला गाडी नाल्यावर पोचली, तेव्हा रुंदी ८ मीटर झाली होती आणि पाणी पहिल्या दिवशी सकाळी पाहिलेल्या निळसर राखाडीऐवजी सिमेंट कालवल्यासारखं. ढलपे टाकून पाहिले तर वेग सेकंदाला २ मीटर. मध्यात काठी टेकवणं शक्य नव्हतं. पहिल्या दिवशी मोजलेल्या एका ओळखीच्या दगडावरून खोली ०.४५ मीटर धरली. विसर्ग पावणेसहा घनमीटरच्या घरात, म्हणजे तिपटीहून जास्त. पण पाण्यात उभ्या असलेल्या वस्तूवरचा रेटा वेगाच्या वर्गाने वाढतो आणि खोली वाढल्याने रेटा घेणारं क्षेत्रही वाढतं. दोन्ही मिळून तो पहिल्या दिवशीच्या सकाळच्या चौपट होता. शिवाय पाण्याच्या तळाशी गडगड ऐकू येत होती. तो दगड सरकण्याचा आवाज. ज्या चाकोरीतून गाडी जायची, तिच्यात नवे धोंडे येऊन बसत होते.

त्याच सुमारास एका विद्यार्थ्याने मॅडमना सांगितलं की पहिल्या रात्रीपासून त्याचं डोकं दुखतंय आणि सकाळी दोनदा उलटी झाली. सहल आपल्यामुळे अर्धवट राहू नये म्हणून तो गप्प राहिला होता. आता खाली उतरण्याची घाई खरी होती आणि वाट बंद होती.

समोर असलेले पर्याय

पहिला, गाडी आत्ता घालायची. ड्रायव्हरने स्पष्ट नकार दिला. मध्यात धोंड्यावर चाक अडून इंजिन बंद पडलं तर १६ जणांना त्या पाण्यात उतरवावं लागेल.

दुसरा, दोर लावून चालत पार व्हायचं. हा पर्याय ट्रेकवाल्या विद्यार्थ्यांनी मांडला. त्यांच्याकडे ३० मीटर दोर होता आणि सह्याद्रीत साखळी करून ओढे पार केल्याचा अनुभव होता. इथे तो अनुभव लागू पडत नाही. कोकणातल्या ओढ्याचं पाणी थंड वाटतं, पण त्यात पाय बधिर होत नाहीत. हिमनदीच्या तोंडापासून तीन-चार किलोमीटरवरचं पाणी शून्याच्या थोडंच वर असतं; एक-दोन मिनिटांत तळव्यांना तळ कळेनासा होतो. पाणी गढूळ असल्याने पाय कुठे पडतोय ते दिसत नाही. वरून येणारा दगड नडगीवर बसतो. आणि ज्याच्या कमरेला दोर बांधलेला आहे तो घसरला, तर दोर ताणला जाऊन प्रवाह त्याला पाण्याखालीच दाबून धरतो. हा पर्याय मॅडमनी बंद केला, आणि तो अगदी योग्य निर्णय होता.

तिसरा, नाल्याच्या काठाने वर चढून बर्फाचा पूल शोधायचा. जुलैत असे पूल खालून पोकळ झालेले असतात. यावर फार चर्चा झाली नाही, ते बरं झालं.

चौथा, बातलला परत जायचं किंवा कुंझुम खिंडीवरून स्पितीतल्या काझाकडे उतरायचं. कुंझुम साडेचार हजार मीटरच्या वर. विरळ हवेचा त्रास होत असलेल्या माणसाला आणखी वर नेणं हा उपाय होऊ शकत नाही. बातलही नाल्यापेक्षा अडीचशे मीटर उंच.

पाचवा, काठावर थांबून पाणी उतरायची वाट पाहायची. सहावा, रात्र इथेच काढून पहाटे निघायचं.

सरांनी पाचवा निवडला. त्यांचं म्हणणं असं: आभाळ स्वच्छ आहे, वर पाऊस नाही, मग दीड-दोन तासांत उतरेल. सह्याद्रीत हे बरोबर ठरतं. बेसॉल्टच्या उघड्या उतारांवर पाऊस पडला की ओढा घटकेत फुगतो आणि पाऊस थांबला की तासा-दोन तासांत ओसरतो. आभाळ मोकळं म्हणजे पाणी उतरणार, हे त्या डोंगरांत वाढलेल्या माणसाच्या अंगात मुरलेलं असतं. हिमनदीच्या नाल्यात नेमकं उलट होतं. मोकळं आभाळ म्हणजेच पाणी. ऊन बर्फावर दुपारी सर्वांत जास्त. वितळलेलं पाणी हिमनदीच्या भेगांतून, तिच्या पोटातल्या वाटांनी तोंडापर्यंत यायला वेळ लागतो. त्यामुळे नाल्याची कमाल पातळी चार-पाचच्या पुढे येते. मुख्य नदीला अनेक हिमनद्यांचं पाणी लांबून येतं, म्हणून तिची कमाल आणखी उशिरा, संध्याकाळी सात-आठच्या सुमारास. आणखी खालच्या गावांत तर तीच लाट मध्यरात्री पोचते. किमान पातळी पहाटेपासून सकाळी आठपर्यंत.

आणि हे सगळं विद्यार्थ्यांच्या वहीत होतं. २१ पासून ५४ पर्यंत चढलेली उन्हाच्या दिवसाची पातळी होती. ढगाळ दिवशीची ३८ होती. दोन दिवसांचे आकडे आलेखावर मांडले असते तर परतीच्या प्रवासाचं वेळापत्रक आपोआप समोर आलं असतं. पण ते आकडे मुंबईला नेऊन अहवालात लिहायचे होते, आणि प्रवास ही वेगळी, व्यवस्थापनाची बाब होती. दोन्हींची गाठ कोणी घातली नाही. आमच्या मते या प्रकरणाचं मूळ इथे आहे. नाला चढणारच होता.

काय केलं

थांबलेल्या वेळात एका विद्यार्थिनीने काठावर पाण्याला टेकून पांढरा दगड ठेवला आणि घड्याळ पाहिलं. पावणेपाचला दगड पाण्याखाली गेला होता. त्यावर वाद राहिला नाही. मुक्काम इथेच ठरला.

त्यानंतरचे निर्णय नेटके होते. गाडी काठापासून दीडशे मीटर मागे, नदीच्या जुन्या पायरीवर (पूर्वीच्या पात्राच्या उंच, सपाट टप्प्यावर) नेली. जागा निवडायची खूण साधी होती: जिथले दगड गोल, स्वच्छ आणि सैल तिथे पाणी अलीकडे आलेलं असतं, जिथल्या दगडांनी दगडफूल धरलंय, फटींत गवत रुजलंय, तिथे बऱ्याच वर्षांत आलेलं नसतं. शिवाय वरून दगड सुटतील असा उतार डोक्यावर नको. रस्ता राखणाऱ्या मजुरांची वस्ती जवळ होती. त्यांनी आठ जणांना तंबूत जागा दिली आणि सगळ्यांना भात-डाळ. उरलेले गाडीत, खिडकी बोटभर उघडी ठेवून.

आजारी विद्यार्थ्यासाठी मॅडमनी ठरवून घेतलं की कुठल्या लक्षणाला काय करायचं. नुसती डोकेदुखी, मळमळ, थकवा असेल तर विश्रांती, पाणी, डोकेदुखीची गोळी आणि आणखी वर न जाणं. ही जागा बातलपेक्षा खाली होती, एवढी जमेची बाजू. सरळ रेषेत टाचेला अंगठा लावून चालता आलं नाही, बोलण्यात गोंधळ दिसला, किंवा बसल्या जागी धाप आणि खोकला सुरू झाला, तर मात्र सकाळची वाट पाहायची नाही. मजुरांच्या मुकादमाला उठवून उंच चाकांच्या टिपरने पार नेण्याचा प्रयत्न करायचा. दर दोन तासांनी त्याला उठवून दहा पावलं चालवलं. तो नीट चालला. बोटाला लावायचं ऑक्सिजनचं यंत्र जवळ होतं, पण थंड बोटांवर त्याचा आकडा सारखा बदलत होता. त्यावर निर्णय सोपवला नाही, हे महत्त्वाचं.

मोबाइलला रेंज नव्हती. उपग्रह फोन परवान्याशिवाय वापरता येत नाही. पलीकडच्या काठावरून एक जीप परत फिरणार होती. पाण्याच्या आवाजात ओरडणं पोचेना, तेव्हा कागदावर विभागाचा नंबर आणि “सगळे सुखरूप, उद्या सकाळी निघू” एवढं लिहून, दगडाला बांधून पलीकडे फेकलं. त्या ड्रायव्हरने कोकसरला रेंज आल्यावर फोन केला. तोवर डोंबिवलीच्या एका घरातून महाविद्यालयात तीन फोन होऊन गेले होते.

निष्पत्ती

पहाटे पावणेपाचला पाणी पुन्हा नडगीखाली होतं. ड्रायव्हर आणि दोन मजुरांनी चाकोरीतले चार-पाच धोंडे पहारीने बाजूला केले. सगळे टिपरमधून दोन फेऱ्यांत पलीकडे गेले, गाडी मागून रिकामी आली. साडेआठला छतरू, दुपारी मनाली. मनालीत पोचेपर्यंत त्या विद्यार्थ्याचं डोकं दुखायचं थांबलं होतं आणि त्याने वरण-भात खाल्ला. चंदीगडहून मुंबईची गाडी चुकली. नव्या तिकिटांचा आणि जादा मुक्कामाचा खर्च विभागाने उचलला.

निर्णयाच्या जागा, आणि वेगळं काय करता आलं असतं

सर्वांत मोठा निर्णय मुंबईत झाला: महिना. सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात दिवस लहान होतात, रात्री गोठवतात, वितळणं मंदावतं. नाले तेव्हाही दुपारी चढतात, पण जुलैइतके नाहीत. फक्त हिमवृष्टीने कुंझुम लवकर बंद होऊ शकते, त्याचा अंदाज घेत राहावं लागतं.

दुसरा, झोपण्याची उंची. ३,००० मीटरच्या वर रोजचा मुक्काम आदल्या रात्रीपेक्षा फार तर ५०० मीटर वर असावा. म्हणजे मनालीनंतर कोकसर किंवा सिस्सू, मग छतरू, मग बातलच्या वाटेवरचं छोटा दारा, मग बातल. तीन दिवस वाढतात. अभ्यासाचं काम वाटेतही होतं, त्यामुळे ते वाया जात नाहीत. आणि रोज रात्री जेवणानंतर प्रत्येकाला नावाने विचारायचं: डोकं दुखतंय का, जेवण गेलं का, झोप लागली का. “कोणाला काही त्रास?” असं सगळ्यांना मिळून विचारलं की उत्तर येत नाही.

तिसरा, ड्रायव्हरचा सल्ला. त्याने कारण सांगितलं होतं, फक्त भूगोलाच्या परिभाषेत नव्हतं. “नाला सोया रहता है” या चार शब्दांत दैनंदिन विसर्गचक्र आलं होतं. ते ऐकताना सरांनी “का?” एवढं विचारलं असतं तरी पुरे होतं.

चौथा, काठावरचे दीड तास. थांबणं चूक नव्हतं, पण थांबताना खूण लावायला हवी होती, आणि ती पहिल्या दहा मिनिटांत. पांढऱ्या दगडाची कल्पना सव्वातीनला आली असती तर उजेडात मुक्कामाची तयारी झाली असती, आणि पलीकडे आणखी वाहनं उभी असताना निरोप गेला असता.

एक मर्यादाही सांगायला हवी. ऊन म्हणजे पाणी आणि ढग म्हणजे उतार, हा नियम कोरड्या हवेपुरताच. वर उंचावर पाऊस पडला तर बर्फाचं पाणी आणि पावसाचं पाणी एकत्र येतं आणि पहाटेची किमान पातळीही भरवशाची राहत नाही. जुलै २०२३ मध्ये हिमाचलात जो मुसळधार पाऊस आणि वर हिमवृष्टी झाली, त्यात चंद्रतालला अडीचशेहून अधिक पर्यटक कित्येक दिवस अडकून पडले होते. ढगाळ दिवशी पाणी कमी दिसलं म्हणून वेळापत्रक सैल करू नये.

पुढच्या तुकडीसाठी विभागाने आखणी बदलली आहे. सहल सप्टेंबरअखेर. कुठलाही नाला सकाळी नऊच्या आत पार. नऊ उलटले तर त्या दिवशी पुढे जायचं नाही. परतीत एक दिवस रिकामा. मोजपट्टीची नोंद दर तासाला, आणि रोज रात्री तिचा आलेख काढून ड्रायव्हरला दाखवूनच दुसऱ्या दिवसाची निघण्याची वेळ ठरवायची. त्या नाल्यावर आता संपूर्ण २४ तासांची नोंद घ्यायची आहे, कारण या सहलीच्या वहीत साडेनऊ आणि सव्वातीन अशी दोनच मोजमापं आहेत, आणि कमाल पातळी नेमकी किती वाजता आली ते पांढऱ्या दगडावरून कळत नाही.